पशुखाद्याचा धंदा? मशीन मागाहून घे
भाऊ, मशीनचं कोटेशन आधी बाजूला ठेव. पहिले दोन क्विंटल ताडपत्रीवर फावड्यानंच कालव. माल आपल्या विदर्भातच आहे: सरकीची ढेप, दालमिलची तूर चुनी (डाळ करताना उरलेला चुरा-टरफलं), मक्याचा भरडा. 100 किलोत 2 किलो मिनरल मिक्श्चर, 1 किलो मीठ.

नवीन माणूस फसतो तो ओलाव्यात. चुनीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घाल. आत गरम लागलं, कुबट वास आला तर फुकटातही घेऊ नको. माझी पहिली खेप बुरशीनं गेली, भर पावसाळ्यात पोती थेट जमिनीवर! खाली फळ्या टाक.

- नवं खाद्य 8-10 दिवसांत हळूहळू वाढवायला सांग. गाईचं पोट बिघडलं की नाव तुझंच.
- उधारी? कापूस निघेपर्यंत थांबावं लागते. नाहीच म्हण.

खाद्यात युरिया मिसळायच्या भानगडीत सध्या पडू नको.