घरची बिले आणि कॅशबॅकचे कार्ड: नोकरीला नुकत्याच लागलेल्या एका मुलीस पत्र

जळगाव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची बिलांची यादी मिळाली. यावलच्या घराचे आणि जळगावच्या भाड्याच्या खोलीचे वीजबिल, ब्रॉडबँड, घरातल्या चार मोबाइलचे रिचार्ज, टीव्हीचे रिचार्ज आणि दोन ठिकाणचे सिलिंडर मिळून महिन्याला सरासरी ७,००० रुपये होतात आणि ते सगळे आता तुझ्या पगारातून भरायचे तू ठरवले आहेस, हे वाचून तुझ्या या काकाला समाधान वाटले. हा खर्च कॅशबॅक देणाऱ्या, म्हणजे खर्चाचा थोडा भाग परत करणाऱ्या, क्रेडिट कार्डावरून करावा का, असे तू विचारले आहेस. करावा, असे माझे मत आहे. मात्र ज्या दिवशी एखादे बिल कार्डावरून भरशील, त्याच दिवशी तेवढीच रक्कम पगाराच्या खात्यातून काढून वेगळ्या बचत खात्यात ठेवायची, ही अट पाळता येणार असेल तरच. या खात्याचे डेबिट कार्ड पाकिटात ठेवू नकोस आणि त्याला यूपीआयही जोडू नकोस. पुढे मी जे काही लिहिले आहे, ते या अटीला धरूनच लिहिले आहे.

ही अट कशासाठी, ते हिशेबाने पाहू. सरसकट १ टक्का कॅशबॅक देणारे कार्ड घेतलेस तर ७,००० रुपयांवर महिन्याला ७० आणि वर्षाला ८४० रुपये मिळतील. कार्डाचे वार्षिक शुल्क ४९९ रुपये असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपये जातात आणि हाती २५१ रुपये उरतात. बिलांवर ५ टक्के देणारी कार्डेही असतात. पण त्यांना महिन्याची कमाल मर्यादा असते. ती २०० रुपये धरली तर वर्षाचे २,४०० आणि शुल्क वजा जाता सुमारे १,८०० रुपये झाले. आता एका महिन्यात देय तारीख चुकली असे समज. बहुतेक बँकांचा व्याजदर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के असतो, आणि पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदतीची सवलत रद्द होऊन व्याज देय तारखेपासून नव्हे तर प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून लागते. सरासरी ४५ दिवस धरले तर ७,००० रुपयांवर ३८८ रुपये व्याज आणि त्यावर ७० रुपये जीएसटी होतो. त्यात विलंब शुल्क ७५० रुपये धरले तर त्याचा जीएसटी १३५. एकूण १,३४३ रुपये. एका टक्क्याच्या कार्डावर दीड वर्षात जमलेला कॅशबॅक एका विसरलेल्या तारखेने जातो, आणि तोही पैसे नव्हते म्हणून नव्हे, तर पैसे कुठल्याशा खात्यात असूनही भरायचे राहिले म्हणून. व्याजावर आपल्याकडे वरची मर्यादाही नाही. ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

स्टेटमेंटवर, म्हणजे कार्डाच्या महिन्याच्या बिलावर, दोन रकमा छापलेल्या असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम साधारण एकूण बाकीच्या ५ टक्के असते, म्हणजे तुझ्या बाबतीत ३५० रुपये. ती भरली की विलंब शुल्क टळते आणि कार्ड चालू राहते, पण व्याज थांबत नाही, शिवाय पुढच्या महिन्यात केलेल्या नव्या खर्चालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डाचे बिल आपोआप भरण्याची सोय लावताना फॉर्ममध्ये ‘पूर्ण रक्कम’ आणि ‘किमान रक्कम’ असे दोन पर्याय येतात. तिथे घाई करू नकोस. पूर्ण रक्कम निवड आणि वर सांगितलेले वेगळे खातेच त्याला जोड, म्हणजे पैसे आणि ते वळते होण्याची आज्ञा एकाच ठिकाणी राहतील. कॅशबॅक स्टेटमेंटमध्ये जमा झाला तरी बहुतेक बँका तो किमान रकमेचा भरणा म्हणून धरत नाहीत, हेही लक्षात ठेव.

कार्ड निवडताना जाहिरातीतला मोठा आकडा बाजूला ठेवून कोणत्या खर्चावर कॅशबॅक मिळत नाही, ती यादी आधी वाच. दुकान किंवा सेवा कोणत्या वर्गातली आहे याचा प्रत्येकाला एक चार अंकी संकेतांक दिलेला असतो आणि बँक त्यावरून ठरवते. ‘ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के’ म्हणणारी काही कार्डे वीज, पाणी, विमा, घरभाडे, इंधन आणि दागिने हे वर्ग वगळतात; तू वीजबिल मोबाइलवरूनच भरत असलीस तरी त्या कार्डाच्या लेखी ती ऑनलाइन खरेदी ठरत नाही. उलट काही कार्डे बिलांवर चांगला कॅशबॅक देतात, पण बिल एका विशिष्ट ॲपमधूनच भरले तर. २०२४ पासून अनेक बँकांनी वीज, पाणी, गॅस अशा बिलांची एका बिलचक्रातली, म्हणजे दोन स्टेटमेंटमधल्या महिन्यातली, एकूण रक्कम ठरावीक मर्यादेपुढे गेली की १ टक्का शुल्क लावायला सुरुवात केली. कुठे ही मर्यादा १५,००० किंवा २०,००० रुपये आहे, तर कुठे ५०,०००. तुझा आकडा त्याच्या बराच खाली आहे. मात्र मामाच्या, आत्याच्या घरची बिलेही ‘तुझ्या कार्डावरून भर, पैसे नंतर देतो’ म्हणत येऊ लागली तर हा आकडा वाढेल, आणि नंतर येणारे पैसे देय तारखेनंतर आले तर व्याज तुझ्या नावावर चढेल. नातेवाइकांना नाही म्हणणे आपल्याकडे जड जाते. तरी या बाबतीत पैसे आधी, बिल नंतर, हा नियम पहिल्याच वेळी सांगून टाक.

वीजबिलाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुझ्या यादीत ते सर्वांत मोठे आहे आणि आपल्याकडचा उन्हाळा तुला ठाऊकच आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांकडे सरकतो, कूलर रात्रंदिवस चालतो, आणि हिवाळ्यात हजाराच्या आत असलेले बिल तिप्पट झालेले दिसते. महावितरणच्या बिलावर तीन रकमा छापलेल्या असतात: लवकरच्या एका तारखेपर्यंत भरल्यास सवलतीची रक्कम, देय तारखेपर्यंतची रक्कम आणि त्यानंतर भरल्यास वाढीव रक्कम. लवकर भरण्याची सवलत सुमारे १ टक्का आणि उशिराचा आकार १.२५ टक्के असतो. पुष्कळ लोक देय तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत थांबतात, कारण तेवढे दिवस पैसे आपल्याच खात्यात राहतात. कार्ड वापरणाऱ्याने थांबण्याचे काहीच कारण नाही. बिल येताच कार्डावरून भरलेस तर सवलत मिळते, कॅशबॅक मिळतो, आणि पैसे तरीही कार्डाच्या देय तारखेपर्यंत तुझ्याच वेगळ्या खात्यात राहतात. घरच्या बिलांसाठी कार्ड वापरण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. कॅशबॅकच्या नादात हा फायदा कोणी सांगत नाही.

यातही एक मेख आहे. महावितरणच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर नेट बँकिंग, डेबिट कार्ड, यूपीआय यांना वेगळे शुल्क नाही, पण क्रेडिट कार्डाला आहे. इतर ॲपवरून भारत बिल पेमेंट यंत्रणेमार्फत भरताना काही ॲप कार्डासाठी ‘प्लॅटफॉर्म फी’ लावतात, काही लावत नाहीत, आणि हे मध्येच बदलते. म्हणून शेवटचे बटण दाबण्याआधी बिलाची रक्कम आणि कार्डावर पडणारी रक्कम एकच आहे का, हे दर वेळी पाहा. १,५०० रुपयांच्या बिलावर १ टक्क्याने १५ रुपये मिळवण्यासाठी १८ रुपये फी देण्यात अर्थ नाही; अशा वेळी सरळ यूपीआयने भर आणि लवकर भरल्याची सवलत तेवढी घे.

मोबाइल, ब्रॉडबँड आणि टीव्ही यांचे रिचार्ज कार्डावर आपोआप कापले जाण्याची सोय लावायला हरकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असा व्यवहार होण्याच्या किमान २४ तास आधी तुला सूचना मिळाली पाहिजे, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या नियमित व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागत नाही. वीजबिलाला मात्र ही सोय लावू नकोस. मीटरचे वाचन चुकले किंवा सरासरीने बिल लावले गेले, तर ते भरण्याआधी तुझ्या डोळ्यांखालून गेले पाहिजे.

आता तारखा. तुझा पगार महिनाअखेरीस होतो. कार्डाचे स्टेटमेंट निघाल्यानंतर पैसे भरायला साधारण १८ ते २० दिवस मिळतात. तेव्हा स्टेटमेंट १५ तारखेच्या सुमारास निघेल असे चक्र घेतलेस तर देय तारीख पगारानंतर लगेच, पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येईल. बँकेने दिलेले चक्र गैरसोयीचे असेल तर ते किमान एकदा बदलून मागण्याचा पर्याय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. अर्ज करून तो वापर. कार्डाचे पैसे दुसऱ्या बँकेतून पाठवणार असशील तर देय तारखेच्या तीन दिवस आधीच पाठव. तारीख चुकलीच तर तीन दिवसांच्या आत पूर्ण रक्कम भरून टाक, कारण बाकी तीन दिवसांहून अधिक काळ थकल्यावरच बँकेला विलंब शुल्क लावता येते आणि खाते थकीत म्हणून पतमाहिती कंपनीला, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळवता येते. व्याज मात्र या तीन दिवसांतही सुटत नाही.

शेतीचा खर्च या कार्डावर अजिबात आणू नकोस. पंपाचे बिल, खते, ठिबकच्या नळ्या, केळीची रोपे यांवर कॅशबॅक मिळो वा न मिळो, त्यांचे पैसे येतात माल गेल्यावर, आणि केळीचा भाव व व्यापाऱ्याकडून पैसे मिळण्याची तारीख यांपैकी काहीच वडिलांच्या हातात नसते. गावातला किराणा दुकानदार कापूस विकेपर्यंत वही मिटून बसतो. बँक खरेदीपासून देय तारखेपर्यंतच्या फार तर ५० दिवसांच्या पुढे एक दिवस बसत नाही. शेतीसाठी किसान क्रेडिट कार्डाचे पीककर्ज आहे, त्याचा व्याजदर निराळा आणि परतफेडीची मुदत पिकाला धरून असते. नावात दोन्हीकडे ‘क्रेडिट कार्ड’ असले तरी हे दोन व्यवहार कधी मिसळू देऊ नकोस. सराफ बाजारातल्या खरेदीलाही हे कार्ड बाहेर काढू नकोस. एटीएममधून रोख काढायला तर नाहीच. तिथे शुल्क वेगळे आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

कार्डाची मर्यादा बँक एक लाख देईल किंवा दोन लाख; तुझ्या कामासाठी ३०,००० पुरेत. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी वापर आणि दर महिन्याला पूर्ण भरणा, एवढे चालू राहिले तर कर्जफेडीची तुझी नोंद चांगली राहील आणि काही वर्षांनी घरकर्जाच्या वेळी त्याचा उपयोग होईल. त्याच्यासाठी म्हणून काही वेगळे करू नकोस.

‘बिल अपडेट नाही, आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा संदेश वडिलांच्या मोबाइलवर आला तर त्यांनी काय करायचे, हे त्यांना आजच सांगून ठेव: काही करायचे नाही, फक्त तुला कळवायचे. महावितरण कोणाच्या वैयक्तिक क्रमांकावरून असे संदेश पाठवत नाही. कार्डावरून तू न केलेला व्यवहार दिसला तर आधी ॲपमधून कार्ड बंद कर, बँकेला लेखी कळव आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदव. कळवायला तीन कामकाजाच्या दिवसांहून उशीर करू नकोस. तुझ्यावर किती भार पडेल, हे पुष्कळसे त्यावर ठरते.

वर्ष झाल्यावर मिळालेला कॅशबॅक आणि गेलेले शुल्क यांचा हिशेब मांड. बाकी उणे असेल तर शुल्क माफ करायला सांग. नाही केले तर कार्ड बंद कर. सगळी बाकी फेडलेली असेल तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने खाते बंद केले पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुला द्यायचा असतो. फोनवरचा माणूस नवी सवलत सांगून थांबवू पाहील, म्हणून अर्ज ई-मेलनेच कर.

वडिलांसाठी ॲड-ऑन कार्ड, म्हणजे तुझ्याच कार्डखात्यावरचे जादा कार्ड, घ्यावे का, असे तू शेवटी विचारले आहेस. सध्या नको. त्यावरचा प्रत्येक रुपया फेडण्याची जबाबदारी तुझीच राहते, आणि त्यांना कार्ड नको आहे, बिल भरले गेल्याची खात्री हवी आहे. पावती व्हॉट्सॲपवर पाठवत जा. यावलच्या मीटरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक तुझ्या यादीत मला दिसला नाही; जुन्या बिलाचा फोटो त्यांच्याकडून मागवून घे, आणि पहिल्यांदा भरताना पडद्यावर येणारे नाव त्यांचेच आहे ना, हे वाचूनच पुढे जा.

तुझा,
काका