बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांची काळजी घ्यायला नवीन जॉइन होतोयस ना, मग हे आधी ऐक

अरे पहिल्या आठवड्यात सगळं स्वतः करून टाकायचा मोह होतो, शर्टाची बटणं लावून दे, चहा करून दे, कारण आपण केलं की दोन मिनिटांत होतं आणि त्यांना वीस लागतात. पण ती वीस मिनिटं हेच आपलं काम आहे. आणि चाळीस वर्षांच्या माणसाशी लहान बाळासारखं बोलू नकोस प्लीज, मला ते ऐकवत नाही. छोटी वाक्यं, एका वेळी एकच प्रश्न, आणि मग गप्प बसून थांब, उत्तर यायला वेळ लागतो. काय हवंय विचारताना दोन वस्तू किंवा फोटो समोर धर.

सगळ्यात महत्त्वाचं, कुणी अचानक चिडचिड करायला लागलं, जेवेना, डोकं आपटायला लागलं तर "स्वभावच तसा" म्हणून सोडून देऊ नकोस. आमच्याकडे एक जण आठवडाभर सगळ्यांना मारत होता, आम्ही आपले वागणुकीचे तक्ते भरत बसलो, शेवटी निघाली किडलेली दाढ! दात, कान, बद्धकोष्ठता, हे आधी बघायचं.

जेवताना ठसका लागतो का याकडे लक्ष ठेव. फिट आली तर घड्याळ बघ, ५ मिनिटांच्या वर गेली की अँब्युलन्स, आणि केअर प्लॅनमध्ये, म्हणजे त्या माणसाची काळजी कशी घ्यायची ते लिहिलेल्या कागदात, वेगळं काही लिहिलंय का ते आधीच वाचून ठेव. त्यांच्या पैशाची पावती दहा रुपयांची असली तरी जपायची. नोंदी लिहिताना "त्रास दिला" असं लिहू नकोस, नेमकं काय झालं आणि त्याआधी काय चाललं होतं ते लिही.