इटलीतील रणभूमी मोटारीने पाहताना

आपण प्रथमच परदेशात मोटार चालवणार आहात, म्हणून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मुंबईतूनच आरटीओकडून घ्यावा. इटलीत वाहने उजव्या बाजूने धावतात, त्यामुळे विमानातून उतरल्याबरोबर गाडी ताब्यात न घेता एक रात्र विश्रांती घ्यावी, आणि जुन्या शहरांत ‘झेडटीएल’ची (मर्यादित वाहतूक क्षेत्राची) पाटी दिसताच बाहेरच थांबावे, कारण परवानगीवाचून शिरलेल्या गाडीची नोंद तेथील कॅमेरे करतात व दंड होतो.

दुसऱ्या महायुद्धातील रणभूमी असलेल्या कासिनो गावाला मात्र पूर्ण दिवस द्यावा, असा माझा आग्रह आहे. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेला आणि युद्धानंतर पुन्हा उभारलेला डोंगरमाथ्यावरचा मठ आधी पाहावा, मग खाली राष्ट्रकुल युद्धस्मशानात यावे. तेथील स्मारकावर आपल्या रायगडच्या, सैन्यात नाईक या हुद्द्यावर असलेल्या यशवंत घाडगे यांचे नाव आहे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनचे ठाणे एकट्याने जिंकून ते धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परक्या मातीत ते नाव वाचताना मन भरून येते. पुढे उंब्रियातील मोंतोने गावी त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली सूर्यघटिका अवश्य पाहावी. रस्ता डोंगराळ आहे, तेव्हा उजेडातच पोहोचावे.