एकाच जागी ठेवलेलं स्मार्टवॉच दुपारी तीस मीटर उंच कसं दाखवतं? सेन्सर बिघडलाय का?

बिघडलेला नाही. तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या गंगापूर रोडच्या घरात, त्याच टेबलावर, सकाळी दहाला ५८४ मीटर आणि दुपारी चारला ६१३ मीटर दिसतं, आणि दुकानदार ‘आतला बोर्ड बदलावा लागेल’ म्हणतोय. घड्याळ परत घेऊन या. हे आकडे बघून मला तर सेन्सरचं कौतुकच वाटलं.

मी सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेशर गेज कॅलिब्रेट करतो, त्यामुळे दिवसभर हाच धंदा. मुळात घड्याळाला उंची कळतच नाही, त्याला कळतो फक्त हवेचा दाब. आत कच्च्या साबुदाण्याएवढी एक डबी असते. बॉश म्हटलं की आपल्याला डिझेलचे नोझल आणि (बॉशच्या इथल्या जुन्या नावाचं) मायको सर्कल आठवतं, पण त्याच घराण्यातल्या बॉश सेन्सरटेकचा बीएमपी २८० हा सेन्सर २ बाय २.५ मिलिमीटरचा आहे, जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. असल्या डबीत सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याच्यामागे निर्वात पोकळी. बाहेर दाब वाढला की पडदा आत दबतो, पडद्यावरच्या रोधांची (रेझिस्टरची) किंमत बदलते, आणि तो फरक चिप मोजते. सोबत तापमानही मोजावं लागतं, कारण गरम झालं तरी रोध बदलतातच. २०११च्या गॅलेक्सी नेक्सस फोनमध्ये असा दाबाचा सेन्सर होता, आयफोनमध्ये २०१४ला आला. ड्रोन हवेत एका उंचीवर थांबतो त्यातही याचा मोठा हात आहे.

हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात. त्या बीएमपी २८०ला ०.१२ हेक्टोपास्कलचा फरक ओळखता येतो, म्हणजे साधारण एक मीटर. आपल्या नाशिकच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल दाब उतरला की घड्याळ समजतं आपण नऊएक मीटर वर चढलो. आता तुमचे २९ मीटर बघा. सव्वातीन हेक्टोपास्कल झाले.

हे सव्वातीन कुठून आले? समुद्राला असते तशी हवेलाही भरती-ओहोटी असते. समुद्राची मुख्यतः चंद्रामुळे, हवेची मुख्यतः सूर्यामुळे. वरच्या थरांतला ओझोन आणि खालची वाफ ऊन शोषून तापतात आणि सगळं वातावरण दिवसातून दोनदा हेलकावतं. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास दाब जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. युरोपात हा हेलकावा एवढा छोटा असतो की रोजच्या वादळवाऱ्यात हरवून जातो. आपल्या पट्ट्यात मात्र शांत दिवशी तीन-चार हेक्टोपास्कल सहज. कंपनीने उंचीचं गणित लिहिताना समुद्रसपाटीला कायम १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब धरलेला असतो, म्हणून टेबलावरचं घड्याळ दुपारी नऊ मजले चढून बसतं. ऋतूंचा फरक याहून मोठा. हिवाळ्यापेक्षा आषाढात दाब आठ-दहा हेक्टोपास्कलने खाली असतो, तेव्हा तुमचा पलंगही ७०-९० मीटर वर गेलेला दिसेल!

खात्री करायची असेल तर एक गंमत करा. घड्याळ झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, थोडी हवा राहू द्या, तोंड घट्ट बंद करा, उंचीचा आकडा समोर ठेवा आणि पिशवीवर तळवा हलकेच दाबा. माझ्या पुतणीने हे केलं तेव्हा ५९०चा आकडा बघता बघता साडेचारशेच्या खाली गेला आणि ती ओरडली, “काका, घड्याळ विहिरीत पडलं!” हात काढला की आकडा जागेवर. कसारा घाट उतरताना कानाला दडे बसतात ना, तेच घड्याळाचं झालं.

मग उंची खरी कधी मानायची? फरकावर विश्वास ठेवा, आकड्यावर नाही. पांडवलेण्याच्या पायथ्याशी आकडा बघा, वर पोचल्यावर बघा, वजाबाकी बरोबर येईल, कारण तेवढ्या वेळात हवा फारशी बदलत नाही. अंजनेरीला मात्र सकाळी चढून दुपारी उतरलात तर पायथ्यालाच वीस-पंचवीस मीटर जास्त दिसतील. पक्का आकडा हवा असेल तर नाशिकरोड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिथे उभं राहून सेटिंगमध्ये ती भरा. पुढचे दोन-तीन तास घड्याळ शहाण्यासारखं वागेल.

पाऊस कळेल का, असंही तुम्ही विचारलंय. दुपारी दाब उतरला म्हणून द्राक्षं झाकायला धावू नका, तो रोजच उतरतो. कालच्या दहाची आजच्या दहाशी तुलना करा, त्यातून काही हाती लागलं तर लागलं. गारपिटीसाठी मी तरी यावर भिस्त ठेवणार नाही.

आज रात्री दहाला आकडा पुन्हा बघा. पाचशे नव्वदच्या आसपास उतरला असेल तर विषय संपला. पिशवीत दाबूनही हलत नसेल, तर घड्याळाच्या कडेला सेन्सरपर्यंत हवा जायला जे बारीक भोक असतं, त्यात घाम-साबणाचा थर बसला असेल. साध्या पाण्याखाली धुवून रात्रभर वाळू द्या. पिन घालू नका, तो पडदा एकदा फुटला की दुकानदाराचंच खरं होईल.