तमासगीर नेमका कोण?

जयसिंगपूरच्या एका ताईंनी विचारलंय, "तमासगीर बरोबर की तमाशगीर? आणि ही शिवी आहे का?" निमित्त असं की एक नट निवडणुकीवर दोन वाक्यं बोलला आणि खाली लोकांनी रांग लावली, 'तमासगिरानं तमाशा करावा की, राजकारणात कशाला नाक खुपसायचं?' हेच वाक्य परवा मी कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर ऐकलं. बोलणाऱ्याच्या एका हातात भडंगाचा पुडा, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर त्याच नटाची क्लिप, तिसऱ्यांदा.

तमाशा म्हणजे लोकनाट्य, गोंधळ, फजिती, हे सगळ्यांना ठाऊक आहे, सोडून देऊ. खरी गंमत मुळाशी आहे. अरबीत 'मशा' म्हणजे चालणे. त्यावरून सोबतीनं चालणे. फारसीत त्याचा झाला फेरफटका, मग फेरफटक्यात दिसेल ते बघणं, मग बघण्याजोगी गोष्ट. आपल्याकडे आल्यावर तिनं ढोलकी-तुणतुणं जवळ केलं. एक गुरुजी मात्र व्याख्यानांतून 'तम अधिक आशा' अशी फोड सांगत फिरतात. अंधारातली आशा म्हणे! या हिशेबानं बटाट्याचीही संस्कृत फोड करता येईल.

आता 'गीर'. फारसीत 'गिरिफ्तन' म्हणजे धरणे, घेणे. आपला गिरफ्तार त्यातलाच. जहांगीर म्हणजे जग काबीज करणारा, दस्तगीर म्हणजे हात धरणारा. 'करणारा' म्हणायचं असेल तर प्रत्यय 'गर' किंवा 'गार' लागतो : जादूगर, गुन्हेगार. म्हणजे व्युत्पत्तीनं तमासगीर कोण? जो तमाशा घेतो तो, बघ्या! मराठीनं त्याला उचलून बोर्डावर चढवलं, कलावंत केलं. का, याबद्दल माझं मत पक्कं आहे, कोशकारांनी नाकं मुरडली तरी : फडात बघ्या आणि कलावंत यांच्यात कधी अंतरच नव्हतं. समोरून कुणी टोमणा टाकायचा, सोंगाड्यानं तो झेलून परत मारायचा. मग शब्द इकडचा तिकडे जाणारच. मुळावर गेलात तर कट्ट्यावरचा तो भडंगवालाच तमासगीर.

आणि राजकारण नको म्हणणाऱ्यांनी तमाशातल्या बतावणीचं काय करायचं? गण-गवळण आटोपली की सोंगाड्या पाटलापासून सरकारापर्यंत सगळ्यांची हजेरी घेतो ती तिथंच. (वर्तमानपत्रांनी त्या शब्दाला 'पोलीस असल्याची बतावणी करून दागिने लंपास' एवढ्यावर आणून ठेवलंय, ते दुखणं वेगळंच.) कोल्हापूरकरांनी तर हे बोलूच नये. ज्यांच्या नावाचं नाट्यगृह खासबागेला खेटून आहे, त्या गायक-नट केशवराव भोसल्यांनी १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' नाटक केलं ते टिळक स्वराज्य फंडासाठी. तो फंड काय देवळाच्या कळसासाठी होता?

नटाचं म्हणणं खोडून काढा की, कोण अडवतंय? संविधानातलं १९(१)(अ)चं अभिव्यक्तिस्वातंत्र्य त्यालाही आहे, तुम्हालाही. पण मुद्दा सोडून त्याचा धंदा काढला, 'नाचणाऱ्यानं गप बसावं' असा सूर लावला, की तमासगीर या चांगल्या शब्दाची शिवी होते.

हां, स की श राहिलंच. मराठीत 'तमासगीर' रुळलाय, तोच लिहा. 'तमाशगीर' म्हणजे फारसी सोवळं. आणि नटावर तुटून पडणाऱ्यांनो, 'तमासगीरने' नव्हे, 'तमासगिराने'. सामान्यरूपात गी ऱ्हस्व होतो.