बाटली धुतली, तरी बिअर आंबट का?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो व घरी बिअर तयार करतो. बाटल्या साबणाने धुऊनही काहींतील बिअर आंबट होते आणि उघडताच फसफसून बाहेर येते. असे का होत असावे?

उत्तर : आंबवण पूर्ण होण्याआधी बाटल्या भरल्यानेही बिअर फसफसते, परंतु जोडीला आंबटपणा असल्याने जंतुसंसर्गच संभवतो. धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले नीट झाल्याशिवाय दुसरे होत नाही, कारण तळाशी सुकलेल्या यीस्टच्या थराखालील जंतूंपर्यंत जंतुनाशक पोहोचतच नाही. हे जंतू यीस्टने शिल्लक ठेवलेली साखरही खातात, वायूचा दाब वाढतो आणि बाटली फुटूही शकते. म्हणून हा प्रश्न केवळ चवीचा नाही. बाटल्या सोडियम परकार्बोनेटच्या कोमट द्रावणात रात्रभर बुडवून ठेवाव्यात, ब्रशने घासून, भरपूर पाण्याने विसळून, उजेडाकडे धरून तळ तपासावा. साबण टाळावा, त्याच्या अंशाने बिअरचा फेस टिकत नाही. भरण्याच्या अगदी आधी फॉस्फोरिक आम्लयुक्त, विसळावे न लागणारे जंतुनाशक वेष्टनावरील प्रमाणातच मिसळून बाटलीत सर्वत्र फिरवावे. झाकणेही त्यातच बुडवावीत. ब्लीच मी सुचवणार नाही : त्याचा अंश राहिल्यास बिअरला औषधी वास येतो, आणि ते आम्लात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो.