माशीमाराच्या मागे धावू नकोस

प्रिय मित्रा,

सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत काढलेले तुझे फोटो पाहिले. लाल छातीचा माशीमार पक्षी बहुतेक ठिकाणी पाठमोरा आलाय, आणि तू मात्र ६०० एमएमची, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी मोठी लेन्स घेऊ का म्हणून विचारतोस. सध्या नको. तू मागे मागे फिरतोस म्हणून तो पाठ दाखवून निघून जातो.

जेमतेम १० ग्रॅमचा हा जीव पूर्व युरोप ते पश्चिम सायबेरियाच्या जंगलांत घरटं करतो आणि हिवाळा काढायला आपल्याकडे येतो. इथे त्याच्या बसायच्या चार-दोन फांद्या ठरून जातात. शेपटी झटकन वर उडवतो, किडा दिसला की झेपावतो आणि पुष्कळदा तिथेच किंवा शेजारच्या फांदीवर परततो. म्हणून पहिला अर्धा तास कॅमेरा गळ्यातच राहू दे, नुसत्या फांद्या हेर. जिच्यावर तिरपं ऊन येतं आणि जिच्यामागे लांबवर गर्द सावली आहे अशी फांदी निवड आणि गपचूप खाली बस. सावलीत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत बिनधास्त वाढव, म्हणजे शटर वेगात ठेवता येतं. नॉइज, म्हणजे फोटोत येणारे दाणे, नंतर कमी करता येतो, पण पक्ष्याचा हललेला डोळा काही केल्या सुधारत नाही.

पर्ण वटवट्या या दुसऱ्या छोट्या हिवाळी पाहुण्याचं तंत्र वेगळं. तो पानापानांतून किडे टिपत सतत पुढे सरकतो, त्यामुळे आधी कानाने शोधायचा. ‘ची-वी’ ऐकू आलं की उतारावर वर चढ. खालच्या झाडांचे शेंडे डोळ्यांसमोर येतात आणि नुसती पांढरी पोटं टिपायची वेळ येत नाही.

एक गोष्ट मात्र सक्त सांगतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नकोस. वटवट्या हिवाळ्यातही आपली हद्द राखतो. तो आवाज त्याला घुसखोराचा वाटतो आणि खाणं सोडून तो त्याला शोधत फिरतो. मार्च-एप्रिलमध्ये तर परतीच्या प्रवासासाठी त्याला अंगावर चरबी चढवायची असते, तेव्हा एकेक किडा मोलाचा. शेजारी कुणी वाजवत असेल तर त्याला स्पष्ट सांग. नाहीच ऐकलं तर उठून दुसरीकडे जा.

रविवारी गेलास की निवडलेल्या फांदीचा, पक्षी नसतानाचा फोटो आधी मला पाठव. मागची पार्श्वभूमी कशी येतेय ते बघून सांगतो.